हलक्या धडकेनंतरची पहिली दहा मिनिटं

प्रश्न साधारण असा आहे: महामार्गावर पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला आणि आपण तिच्या मागच्या बंपरला धडकलो, किंवा मागचा आपल्याला येऊन धडकला. बंपर चेपलाय, एक दिवा फुटलाय, माणसं ठीक दिसताहेत. अशा वेळी गाडी जागेवरून हलवायची की पोलीस येईपर्यंत तशीच ठेवायची? खाली उतरायचं की आत बसायचं? आणि आधी काय, नंतर काय?

गाडी हलवायची. ती चालत असेल, कुणाला गंभीर लागलं नसेल, तर लगेच रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यायची. ‘पंचनामा व्हायचाय, हात लावू नका’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुजलंय, की चेपलेल्या बंपरसाठी लोक भर लेनमध्ये वीस-वीस मिनिटं गाड्या उभ्या ठेवतात. कायदा थांबायला सांगतो, लेन अडवायला सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना माहिती देणं (जवळपास पोलीस नसेल तर लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत ठाण्यात) आणि विमा कंपनीला लेखी कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. कुणी गंभीर जखमी असेल किंवा दगावलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गाड्या शक्यतो जागेवर राहू द्याव्यात, आणि हलवावीच लागली तर आधी फोटो काढून चाकांच्या जागा खडूने किंवा विटेच्या तुकड्याने आखून ठेवाव्यात.

घाई कशासाठी, ते आकड्यांत बघा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. मागून येणाऱ्याला तुमची गाडी थांबलेली आहे हे कळून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो. तेवढ्यात त्याने ४० मीटर कापलेले असतात. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असले तरी थांबायला पुढे आणखी ५५ मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे १०० मीटर. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाला हाच हिशेब १३० मीटरच्या आसपास जातो. ओल्या रस्त्यावरचा भरलेला ट्रक ८० ने येत असला तरी त्याला शंभराहून जास्त मीटर लागतात. किरकोळ ठोकरीचा जीवघेणा अपघात होतो तो बहुधा इथे: पहिल्या धडकेत काही होत नाही, आणि खाली उतरून बंपर बघत उभे असलेले लोक दुसऱ्या धडकेत सापडतात.

पहिल्या दहा सेकंदांत चारही इंडिकेटर लावा. पाय ब्रेकवर राहू द्या, म्हणजे मागचे लाल दिवेही पेटलेले राहतील. गाडीतल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. ‘सगळे ठीक ना?’ असं घोळक्याला विचारू नका. मागच्या सीटवरचं गप्प मूल घोळक्यात सुटून जातं. बेल्ट अजून कुणी काढायचे नाहीत. डाव्या आरशात बघून, हळू, पहिल्या गिअरमध्ये गाडी कडेला घ्या. हँडब्रेक ओढा, चाकं डावीकडे वळवून ठेवा आणि मग इंजिन बंद करा. चाकं वळवण्याचं कारण असं, की मागून कुणी येऊन धडकलंच तर गाडी लेनमध्ये न जाता कडेला ढकलली जाते. दरीच्या बाजूला मात्र हे करू नका, तिथे चाकं सरळ ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. तो दगड निघताना काढायचा आहे हे आत्ताच कुणाला तरी सांगून ठेवा.

एअरबॅग उघडल्या असतील तर गाडीभर पांढरी भुकटी आणि जळका वास पसरतो. त्याला आग समजून घाबरू नका. बॅग फुगताना गरम होतात, हाताला चटका बसू शकतो. दम्याचा त्रास असलेल्याला आधी बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगबरोबर पेट्रोलचा पंपही आपोआप बंद पडतो, त्यामुळे इंजिन सुरू होत नाही. होत नाही म्हणून किल्ली फिरवत बसू नका. कुठे इंधन गळत असेल तर स्टार्टरची एक ठिणगी पुरते.

फोटो कधी काढायचे? दोन्ही गाड्या हलवायच्या आधी, पण वाहतूक संथ असेल तरच. सिग्नलला किंवा शहरातल्या गर्दीत अर्धं मिनिट पुरतं: दोन्ही नंबरप्लेट आणि लेनचे पट्टे एका फ्रेममध्ये येतील असे दोन फोटो, समोरून एक, मागून एक. एक्सप्रेसवेवर हा मोह सोडून द्या. काचेतून जे मिळेल ते घ्या आणि बाजूला व्हा. डॅशकॅम असेल तर त्याचं रेकॉर्डिंग जपा. जोरदार धक्क्याला तो फाइल स्वतःहून लॉक करतो, हलक्या धडकेला बरेचदा करत नाही, आणि मेमरी भरली की जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढवतो. लॉकचं बटण दाबा किंवा कार्डच काढून खिशात टाका.

आता उतरणं. आपण डाव्या कडेला थांबतो आणि चालक बसतो उजवीकडे, म्हणजे त्याचं दार नेमकं वाहतुकीत उघडतं. शक्य असेल तर चालकानेही सरकून डाव्या दाराने उतरावं. ते जमत नसेल तर आरशात बघून, डाव्या हाताने दार उघडावं. डाव्या हाताने उघडताना अंग आपोआप मागे वळतं आणि येणारी गाडी दिसते. मागच्या दारांना चाइल्डलॉक लावलेलं असेल तर ती आतून उघडत नाहीत. मुलं घाबरून आतून धडका देत राहतात आणि बाहेरच्याला ते कळतच नाही. तेव्हा मागचं डावं दार बाहेरून उघडायचं काम एकाला नेमून द्या.

उतरल्यावर कुठे उभं राहायचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. दोन गाड्यांच्या मधे वाकून नुकसान बघू नका. मागून धक्का आला तर पाय तिथेच चिरडतात. आपल्या गाडीच्या पुढेही उभं राहू नका, कारण धडक बसली की गाडी पुढेच जाते. बरोबर जागा म्हणजे क्रॅश बॅरियरच्या (रस्त्याकडेच्या कठड्याच्या) पलीकडे, आणि वाहतूक ज्या बाजूने येते त्या बाजूला, गाडीपासून वीस-पंचवीस मीटर मागे. बॅरियरवर बसायचं नाही, पाय रस्त्याकडे सोडून तर अजिबातच नाही. पुलावर असाल तर मात्र कठडा ओलांडू नका. जाण्या-येण्याच्या दोन पुलांच्या मधे पोकळी असते आणि रात्री ती दिसत नाही. पुलावर गाडी चालत असेल तर रखडत का होईना, पूल ओलांडूनच थांबा. पावसाळ्यात घाटात डोंगर कापलेल्या कड्याखाली थांबणंही टाळा, वरून दगड येतात.

गाडी उजव्या लेनमध्ये, दुभाजकाला लागून बंद पडली तर काय? तीन लेन धावत ओलांडून डावीकडे जायचा विचार करू नका. दुभाजक रुंद असेल तर उजव्या दाराने उतरून त्याच्या आत, गाडीच्या मागच्या बाजूला जा. दुभाजक अरुंद असेल किंवा गाडी मधल्या लेनमध्ये अडकली असेल तर बेल्ट लावून, डोकं हेडरेस्टला टेकवून आत बसणं हे दोन वाइटांतलं कमी वाइट. लगेच ११२ ला फोन करा आणि कोणती लेन अडली आहे ते पहिल्या वाक्यात सांगा. धूर किंवा इंधनाचा वास असेल तर हा सल्ला रद्द, वाहतुकीत फट मिळताच बाहेर.

त्रिकोण बहुतेक गाड्यांत डिकीत, स्टेपनीच्या खाचेत किंवा डिकीच्या गालिच्याखाली असतो, आणि मालकाला तो कधी उघडून बघितल्याचं आठवत नसतं. शहरातल्या रस्त्यावर तो गाडीच्या मागे ५० मीटरवर ठेवा, म्हणजे मोठी पाऊलं ६५ ते ७०. महामार्गावर १०० मीटर, एक्सप्रेसवेवर आणि पावसात १५० पर्यंत. गाडीला टेकवून किंवा दहा पावलांवर ठेवलेल्या त्रिकोणाचा काही उपयोग नाही. ठेवायला जाताना तो उघडून छातीपुढे धरा, बॅरियरच्या पलीकडून चाला आणि शेवटच्या क्षणी फक्त हात बाहेर काढून ठेवा. वळण असेल तर वळणाच्या आधी, चढाचा माथा असेल तर माथ्याच्या अलीकडे. दुपदरी रस्त्यावर दोन्ही दिशांना खूण लागते. घाटात त्रिकोण एकच असेल तर तो वरच्या बाजूला, कारण उतरणाऱ्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं. शोल्डर (लेनबाहेरची थांबायची पट्टी) नसेल, बॅरियर नसेल आणि गाड्या सुसाट जात असतील तर त्रिकोणाचा हट्ट सोडा आणि आधी माणसं दूर न्या. त्रिकोण नसेल तर झाडाच्या फांद्या टाकायची आपली जुनी पद्धत चांगली आहे. दगडांची रांग मात्र लावू नका. लोक निघून जातात, दगड रात्रभर तसेच राहतात आणि एखादा दुचाकीवाला त्यावर उडतो.

रात्रीची एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. काही एसयूव्हींचे मागचे दिवे डिकीच्या दारावर बसवलेले असतात. डिकी उघडी ठेवली की ते आभाळाकडे बघत राहतात आणि मागच्याला गाडी दिसतच नाही. सामान काढलं की डिकी लगेच बंद करा. दिव्यांसमोर उभं राहू नका, पार्किंग लाइट चालू ठेवा. टॉर्च येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर न मारता जमिनीकडे हलवा.

फोनसाठी ११२ सगळीकडे चालतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर क्रेन आणि गस्तीची गाडी मिळते. मुंबई-पुणे आणि समृद्धी हे दोन्ही द्रुतगती मार्ग एमएसआरडीसीकडे (राज्य रस्ते विकास महामंडळाकडे) आहेत, तिथला मदत क्रमांक रस्त्याकडेच्या फलकांवर लिहिलेला असतो. तो शोधण्यात वेळ जात असेल तर सरळ ११२. सांगताना रस्त्याचं नाव, कुठून कुठे जात होतात ती दिशा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, किती माणसं, कुणाला काय झालंय, आणि गाडी पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक ते सांगा. दिशा सांगायची राहिली तर मदत पलीकडच्या बाजूने येते आणि पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं.

माणसांकडे बघू. धक्क्यानंतरचा अर्धा-पाऊण तास दुखणं जाणवत नाही, म्हणून ‘मला काही झालं नाही’ या वाक्यावर विसंबू नका. मानेला बसलेला हिसका दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो, तो बरेचदा साधाच असतो. पण मानेच्या मधोमध मणक्यावर दाबल्यावर दुखणं, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, वाढत जाणारी डोकेदुखी, एकापेक्षा जास्त उलट्या, झोपाळूपणा, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारणं, पोटावर बेल्टचा निळा-लाल वळ आणि त्याबरोबर पोटदुखी, यातलं काहीही दिसलं तर घरी न जाता रुग्णालयात जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला असेल तर लक्षणांची वाट बघू नका. पासष्टीपुढच्या माणसांच्या बाबतीतही हयगय नको. गरोदर बाईला बाहेरून काही लागलेलं नसलं तरी तपासणी हवीच. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटण्याचा धोका असतो, आणि बाळाच्या ठोक्यांवर निदान चार तास लक्ष ठेवावं लागतं.

मानेत दुखतंय म्हणणाऱ्याला ओढून बाहेर काढू नका. आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसेल तर तो आहे तिथेच बसू द्या, कुणीतरी मागून दोन्ही हातांनी त्याचं डोकं स्थिर धरा. रक्त येत असेल तर स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर दाबून दहा मिनिटं न उचलता धरा. थांबलं का ते बघायला दर मिनिटाला उचललं की गुठळी सुटते. हळद, चहाची पूड, तंबाखू जखमेत भरू नका, डॉक्टरला पुढे ते खरवडून काढावं लागतं. गुंगी आलेल्याला, उलटी होणाऱ्याला किंवा पोटात दुखणाऱ्याला पाणीही पाजू नका. ‘जरा चहा घे, बरं वाटेल’ हा प्रेमाचा सल्ला इथे नको. धडक दुचाकीला झाली असेल आणि चालक शुद्धीवर असून श्वास घेत असेल तर हेल्मेट खेचू नका. कलम १३४ अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याला स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, हे मदतीला पुढे आलेल्या माणसालाही सांगा.

आता गाडीतल्या धोक्यांकडे, आणि आपल्याकडे त्यात सीएनजी पहिला. टाकी डिकीत असते आणि भरल्यावर दाब २०० बारच्या आसपास असतो. मागून धडक बसली, वास येतोय किंवा सूं असा आवाज येतोय, तर इंजिन बंद करा, सगळे उतरा, ३० मीटर लांब जा आणि फोन तिथून करा. वास आणि आवाज नसेल तरच डिकी उघडून टाकीवरचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह फिरवून बंद करा आणि पुढचा प्रवास पेट्रोलवर करा. पुन्हा गॅस भरण्याआधी टाकीचे पट्टे, व्हॉल्व्ह आणि पाइप अधिकृत सीएनजी केंद्रात तपासून घ्या. पट्टा सैल झालेला असू शकतो, आणि पाइपचा जोड हलला असेल तर गळती पूर्ण दाबाने गॅस भरतानाच कळते.

इलेक्ट्रिक गाडी खालून घासली असेल, दुभाजकावर चढली असेल, तर बाहेरून ओरखडा नसला तरी बॅटरीच्या कवचाला मार बसलेला असू शकतो. फटफट असा आवाज, शिटी, खालून पांढरट धूर आला तर लांब व्हा. केशरी रंगाच्या जाड केबलना हात लावायचा नाही. अशी बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेते. म्हणून ती गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये न लावता मोकळ्यावर, इतर गाड्यांपासून १५ मीटर दूर ठेवा आणि तपासणी होईपर्यंत चार्जिंगला लावू नका.

बॉनेटखालून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर बहुधा रेडिएटरचं पाणी उकळतंय, ती वाफ आहे. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका. जळक्या रबराचा वास आणि काळपट धूर म्हणजे वायरिंग. तेव्हा बॉनेट पूर्ण उघडला की हवा मिळून आग भडकते. एक किलोचं अग्निशामक जेमतेम आठ-दहा सेकंद चालतं. तेवढ्यात विझली नाही तर गाडीचा नाद सोडा. विजेच्या खांबाला धडकून तार गाडीवर पडली असेल तर उतरू नका, आत बसूनच ११२ आणि वीज तक्रारींच्या १९१२ ला कळवा. आग लागल्यामुळे उतरावंच लागलं तर एक हात गाडीला आणि एक पाय जमिनीला असं कधीही होऊ देऊ नका. दोन्ही पाय जोडून उडी मारा आणि पाय न उचलता घसटत लांब जा.

वादाचं म्हणाल तर चूक कुणाची हे रस्त्यावर ठरत नाही. नंबर, नाव, लायसन्स आणि विम्याचा फोटो एकमेकांना द्या. किल्ली, मूळ लायसन्स आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नका. जमाव अंगावर येतोय असं वाटलं तर काचा वर, दारं लॉक, ११२ ला फोन लावून ‘अमुक ठाण्यात जातोय’ असं सांगा आणि मग थेट तिथेच जा. कलम १३४ मध्ये जमावाच्या क्षोभाचा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. आधी केलेला फोन हाच तुम्ही पळाला नाहीत याचा पुरावा. एरवी बघ्यांची गर्दी कामाला लावता येते: अंगात ठळक रंगाचा शर्ट असलेल्या एकाला त्रिकोणाजवळ, बॅरियरच्या आत उभं करा, बाकीच्यांना रस्त्यावरून मागे घ्या.

त्याच गाडीने पुढे निघायचं असेल तर आधी तिच्याभोवती एक फेरी मारा. समोरून धडक असेल तर बॉनेटचा खटका नीट बसतोय का ते दोन्ही हातांनी वर ओढून बघा. वाकलेला खटका ८० च्या वेगाला सुटतो आणि बॉनेट काचेवर येतो. लोंबणारा बंपर दोरीने बांधा, चाकाच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा टायरला घासत नाही ना ते स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. गाडीखाली काय गळतंय? स्वच्छ पाणी एसीचं असतं. हिरवं किंवा गुलाबी, चिकट असेल तर कूलंट. तेलकट पिवळसर काही चाकाच्या आतल्या बाजूला दिसलं तर ब्रेकऑइल समजा, मग गाडी क्रेनवरच न्यायची. मागून धडक असेल तर सायलेन्सरचं तोंड चेपलं नाही ना आणि डिकी पूर्ण लागते ना ते बघा. अर्धवट लागलेल्या डिकीतून धूर आत येतो, अशा वेळी काचा उघड्या ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंतच जा. पहिले दोन किलोमीटर ४० च्या वर जाऊ नका आणि टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी सस्पेन्शन तपासून घ्या.

क्रेन आपणहून येऊन उभी राहिली तर आधी भाडं आणि कोणत्या गॅरेजला नेणार हे ठरवून मगच हुक लावू द्या. विमा कंपनीला फोन तिथूनच करा आणि कंपनीचा सर्व्हे (नुकसानीची पाहणी) होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. निघताना त्रिकोण उचला, आणि फुटलेल्या दिव्याच्या काचा पायाने लेनबाहेर सारा, वाहतूक थांबलेली असेल तरच.